घाणा, कळी, गिलावा

आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात दिवाळी यायची ती आधी चुन्याच्या वासाने. तळणीचा वास मागाहून. नवरात्र संपले की परसात पत्र्याचे पिंप मांडले जाई. त्यात कळीचा चुना पडे, वरून पाणी, आणि मग असा खदखदाट सुरू होई की खाली जाळ नसताना पाणी उकळते कसे, या कोड्यापायी आम्ही मुले दिवसभर त्या पिंपाभोवती घुटमळत असू. घुटमळायचे तेही लांबून, कारण शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो ही आजीची धमकी अगदी खरी होती. दोन दिवसांनी निवलेला चुना जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा भिजवलेला डिंक, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घालायची आणि कुंच्याने भिंतींना दोन हात द्यायचे. ओल्या हाताने भिंत मळकट दिसे, आणि वाळता वाळता आपल्या देखत पांढरी होत जाई.

हा चुना आमच्याकडे शेवटचा दिला गेला तो १९७०च्या दशकात कधीतरी. त्यानंतर डिस्टेंपर आले, मग ऑइल पेंट आला. दोन वर्षांपूर्वी ओसरीच्या भिंतीचे पोपडे हाताने निघू लागले म्हणून दुरुस्ती काढली, आणि त्या भिंतीने आमच्या घराचाच नव्हे, तर पुण्यातल्या एका विस्मरणात गेलेल्या व्यवहाराचा इतिहास उलगडून दाखवला. तो लिहून ठेवावा असे वाटले. वाड्यांवर आपण पुष्कळ लिहितो. पण ते कोरीव खांबांवर, तुळयांवर, दिंडी दरवाजावर असते. त्या खांबांमधल्या पांढऱ्या जागेकडे कोणी बघत नाही.

भिंतीवर जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर एक आडवी रेघ होती. रेघेच्या खाली सिमेंटचा गिलावा, वर चुन्याचा. ही रेघ १२ जुलै १९६१ या दिवसाची. त्या दिवशी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. पुण्याच्या वाड्यांची रचना अशी की जोते दगडी, खालचा मजला बहुधा विटांचा आणि वर लाकडी सांगाड्यात भरलेल्या पांढऱ्या मातीच्या भिंती. पाणी चढले तिथे मातीच्या भिंती विरघळून बसल्या. कितीतरी वाडे त्या दोन दिवसांत जमिनीला मिळाले. आमचा खालचा मजला विटांचा होता म्हणून उभा राहिला. आजोबांनी चिखल उपसला, भिजून फुगलेला गिलावा पाडला आणि पाणी जिथवर चढले होते त्याच्या वर वीतभर, नव्या, पक्क्या, सरकारी परवान्यावर मिळवलेल्या सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्या काळी सिमेंट नियंत्रणाखाली होते. ते नियंत्रण अंशतः उठायला १९८२ उजाडावे लागले. तेव्हा सिमेंटची पोती मिळवणे ही कर्तबगारी होती. आजोबांनी या घरासाठी त्यांना जे उत्तम वाटले ते केले, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात सिमेंटची बाजू लंगडी पडणार आहे.

साठ वर्षांनंतरची स्थिती अशी होती: रेघेच्या वरचा चुन्याचा गिलावा, जो बहुधा दीडशे वर्षांचा तरी असावा, थोडाफार पोकळ झाला होता, पण बहुतेक ठिकाणी शाबूत होता. अपवाद रेघेलगतच्या पट्ट्याचा. तो पार भुसभुशीत झाला होता. रेघेखालचे सिमेंट वरून ठणठणीत दिसत होते. गवंड्याने छिन्नी लावली तेव्हा त्या सिमेंटचा एक पाटच्या पाट निखळून खाली आला आणि त्याच्या पाठीला विटांचे चेहरे चिकटून आले. मागे उरल्या होत्या त्या विटा बोटाने उकरता येत होत्या. त्यांच्यावर पांढऱ्या क्षारांची लव उगवली होती, कापसासारखी.

याचे कारण गूढ नाही. जुन्या भिंतीला पायात पाण्याला अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल दिव्याच्या वातीसारखी विटांतून वर चढते. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रे असतात. चढलेली ओल त्यातून उडून जाते आणि बरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या अंगावर किंवा पोटात साठतात. गिलावा खराब होतो, पण वीट वाचते. दर दिवाळीला कुंचा फिरवण्याआधी भिंत खरवडायची पद्धत होती, तिचा खरा उपयोग हा होता. सिमेंटचा थर दाट आणि ताठ. ओलीला तोंड उरत नाही, म्हणून ती आणखी वर चढते आणि सिमेंट संपते तिथे बाहेर पडते. आमच्या रेघेलगतचा पट्टा भुसभुशीत झाला तो त्यामुळे. खाली अडकलेले क्षार विटेच्या आत स्फटिक होऊन फुगतात आणि विटेला आतून फोडतात. त्यात भिंत उन्हाळ्या-पावसाळ्यात थोडी हलते, सिमेंट हलत नाही; मग केसासारखी चीर पडते, चिरेतून पाऊस आत जातो आणि बाहेर यायला वाट राहत नाही. फसवणुकीला आपण ‘चुना लावला’ म्हणतो. या भिंतीपुरता तरी तो वाक्प्रचार बदलून घ्यायला हवा.

चुना म्हणजे काय हे एका हिशेबात सांगता येते. शंभर किलो शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला ४४ किलो कर्बवायू उडून जातो आणि ५६ किलो कळी उरते. कळीवर पाणी घातले की ती तापते, फुटते आणि चुना होतो. तो भिंतीवर चढला की हवेतून पुन्हा तोच ४४ किलो वायू हळूहळू ओढून घेतो आणि फिरून दगड होतो. पण यात एक मेख आहे. वायू आत शिरतो तो ओलाव्यातून. म्हणजे गिलावा फटकन वाळला तर तो धरतच नाही. नुसता वाळलेला चुना बोटाने पुसता येतो. वाळणे वेगळे आणि धरणे वेगळे. या एका वाक्यासाठी आम्ही एक अख्खा उन्हाळा आणि बरेच पैसे घालवले, त्याची हकीकत पुढे येईल.

महाराष्ट्रातल्या चुन्याची गंमत अशी की सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात चुनखडीचे थर नाहीत. आहे ते कंकर: पाषाण झिजताना त्यातले चुन्याचे अंश पाण्याबरोबर वाहून काळ्या मातीत आणि नदीकाठच्या दरडींत गोट्यांच्या रूपाने साचतात. शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला, त्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातले, दगड चिंचवडच्या खाणींतला आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातला आणला असे सांगतात. १८२८च्या आगीत तो वाडा जळाला, जळाले ते सागवान. चुन्यात बांधलेले तट आणि दरवाजे अजून आहेत.

या कंकराच्या गोट्यात चुन्याबरोबर चिकणमाती असते, आणि तीच त्याची करामत. मातीसकट भाजलेला चुना हवेची फारशी वाट न पाहता पाण्याशीच संयोग पावून धरतो. युरोपात हे कोडे १७५६च्या सुमारास जॉन स्मीटनला एडिस्टनच्या दीपस्तंभासाठी चुना शोधताना सुटले: ज्या चुनखडीत माती आहे तिचा चुना पाण्याखाली धरतो. पुढे फ्रान्सच्या लुई विकाने त्याचे शास्त्र केले आणि त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८३७ साली केले ते मद्रास इंजिनिअर्समधल्या जे. टी. स्मिथ या अधिकाऱ्याने. हिंदुस्थानात बांधकाम करणाऱ्या लष्करी माणसाला त्या पुस्तकाची निकड वाटावी यात नवल नाही. आमच्याकडचे गवंडी मात्र कंकराच्या चुन्यात टाकी, हौद आणि तटबंद्या बांधून कधीच मोकळे झाले होते. गिरिदुर्गांवर दिसणारे चुन्याचे घाणे त्याची साक्ष देतात. तिकोन्यावर मारुतीपासून जवळच असा एक घाणा आहे: दगडाने बांधलेला वर्तुळाकार चर आणि त्यात फिरणारे दगडी चाक. बैल जुंपून चुना, वाळू आणि विटांचा भुगा त्यात तासन्‌तास दळायचे. ट्रेकला जाणारी मुले त्या चाकावर बसून फोटो काढतात. गडावरची सगळ्यात कष्टाची जागा ती होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, गडावरच्या घरांविषयी जे सांगितले आहे त्यात चुन्याला जागा आहे. राजमंदिर विटांचे बांधावे, त्याला चुना लावायचा तो दाट लावावा, आणि घरात उंदीर, विंचू, किडा, मुंगी राहील अशी फट ठेवू नये, असा त्याचा आशय. अमात्यांनी चुन्याचे कौतुक सौंदर्यासाठी केलेले नाही. फट बुजवण्यासाठी केले आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी, त्यात बुरशी आणि कीड टिकत नाही. दरसालच्या सफेतीत शोभेइतकाच आरोग्याचा भाग होता.

हा सगळा व्यवहार चालवणारी माणसे होती. भट्टी लावणारे लोणारी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत त्यांची नोंद चुना आणि कोळसा करणारे अशी आहे. गाढवांवरून तो शहरात आणणारे, घाण्यावर बैल हाकणारे, गवंडी आणि वर्षाकाठी कुंचा घेऊन येणारे. चुन्याची भिंत एकदा बांधून होत नाही, दरवर्षी थोडी थोडी बांधावी लागते. ही सगळी साखळी तुटली कशी, याचे उत्तर नेहमी ‘सिमेंट आले’ असे दिले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४चे. पोरबंदरला कारखाना चालू झाला १९१४ साली, आणि १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. तरीही पेठांमधल्या वाड्यांत १९४०च्या पुढेही चुनाच चालत होता. माझ्या मते खरा घाव घातला तो १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधली. भाडेकरूंना त्या कायद्याची गरज होती, हे मी नाकारत नाही. आमच्या वाड्यातल्या बिऱ्हाडांपैकी कोणालाही बाजारभावाने खोली परवडली नसती. पण चार-पाच रुपयांच्या भाड्यात मालक दरसाल सात बिऱ्हाडांच्या भिंतींना चुना देईना, आणि भिंत आपली नाही म्हणून भाडेकरूही देईना. खरवडणे थांबले, सफेती थांबली. मग एकदम मोठी डागडुजी करायची वेळ येई तेव्हा, एकदा करून मोकळे होता यावे म्हणून, सिमेंट. चुना गेला तो त्याच्या जागी अधिक चांगली वस्तू आली म्हणून नव्हे. दरवर्षी येणाऱ्या छोट्या खर्चाचा धनी कोण, हे ठरेनासे झाले म्हणून.

आता आमची फजिती. सिमेंट काढल्यावर आम्ही एका ठेकेदाराला काम दिले. त्याने जुन्या इमारतींची कामे केली होती, बोलणेही जाणकाराचे होते. त्याने बाजारातल्या पांढऱ्या चुन्याच्या भुकटीत नदीची वाळू कालवली आणि वैशाखात, एका दिवसात, इंचभर जाडीचा गिलावा चढवला. आठवड्यात तो वाळून पांढरा झाला. आषाढात पाऊस लागला आणि हात फिरवला तरी वाळू गळू लागली. वाळला होता, धरला नव्हता.

दुसऱ्यांदा आम्ही जेजुरीकडचा एक म्हातारा गवंडी शोधून आणला. लहानपणी तो वडिलांबरोबर घाण्यावर बैलामागे चालला होता. आल्या आल्या त्याने थापीच्या मुठीने सगळी भिंत ठोकत नेली. खणखणीत वाजले तिथे खडूने काही केले नाही. बद्द वाजले तिथे फुली. “जे धरून बसलंय त्याला हात लावायचा न्हाई,” म्हणाला. पाडायचे म्हणून आम्ही ठरवलेल्या गिलाव्यातला निम्म्याहून अधिक भाग त्याने वाचवला. एका कोनाड्याशेजारी डिस्टेंपरच्या खाली, सफेतीच्या थरांमध्ये, कोळशाने लिहिलेला दुधाचा हिशेब निघाला. रतिबाच्या आडव्या रेघा आणि पुढे शेर-पावशेर. तो भाग पोकळ होता. तिथे त्याने बारीक भोके पाडून पातळ चुन्याची पिचकारी मारली आणि फळी टेकून चार दिवस दाब दिला. हिशेब राहिला.

जुन्या गिलाव्याचा एक खडा आम्ही सौम्य आम्लात टाकून पाहिला. चुना फसफसून विरघळतो आणि तळाला वाळू, विटेचा भुगा उरतो; तो चाळला की मूळ मिश्रणाचा अंदाज येतो. खालच्या जाड थरात तळाशी बरीच लाल सुरखी आणि करडा गाळ उरला, वरच्या पातळ थरात जवळपास काहीच नाही. म्हणजे एकाच भिंतीत दोन चुने: आत कंकराचा, वर पांढरा, ज्याला गवंडी नीरू म्हणतात. ठेकेदाराने नीरूच्या चुन्याने आतला थर केला होता. भारतीय मानक क्रमांक ७१२ मध्ये आजही कंकराच्या चुन्याचा स्वतंत्र ‘ई’ वर्ग आहे. बाजारात तो आम्हाला कुठेही मिळाला नाही. मग पांढऱ्या चुन्यात सुरखी घालून तोच गुण आणायचा. त्यातही सुरखी हलक्या आचेवर भाजलेल्या विटेची लागते. हल्लीच्या कडक भाजलेल्या विटेचा भुगा म्हणजे नुसती लाल वाळू. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू असे प्रमाण आमच्या भिंतीला मानवले. दुसऱ्या भिंतीला ते मानवेलच असे मी म्हणणार नाही.

इथे थोडे गुळाविषयी. जुन्या बांधकामाचा विषय निघाला की गूळ, उडीद, मेथी, बेलफळ, हिरडा यांची यादी येतेच, आणि ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. या वस्तू वापरल्या जात, आणि त्यांना आधारही आहे: साखरेने चुना पाण्यात अधिक विरघळतो आणि मिश्रण सैल, कामाला सोपे होते; उडदाच्या चिकाने ते चिवट होते. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात तर राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांना भांगेच्या झाडाचे अंश सापडले आहेत. पण गूळ जास्त झाला तर चुना धरायला उशीर लागतो आणि कमजोर राहतो. मला वाटते, या पाककृतींच्या नादात आपण मुख्य गोष्टी विसरतो: चांगला भाजलेला चुना, भरपूर दळणे आणि वेळ. रोमन लोकांत तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना वापरू नये असा जुना नियम होता, हे प्लिनीने नोंदवले आहे. तो नियम पांढऱ्या चुन्याचा. कंकराचा चुना कोणी तीन वर्षे ओला ठेवला तर त्याचा खड्ड्यातच दगड होईल. मी गुळाबद्दल विचारले तेव्हा गवंडी हसला. “घाला की शेरभर. पर आधी भिताडाला पानी मारा.”

भिंत तीन दिवस भिजवली. त्याआधी क्षार ओढून घेण्यासाठी विटांवर ओल्या कागदाचा लगदा थापला, वाळल्यावर काढला, पुन्हा थापला. असे चार वेळा. मग अर्ध्या इंचाहून कमी जाडीचा पहिला थर, त्यावर ओरखडे, गोणपाटाचे ओले पडदे आणि पंधरा दिवस नुसती वाट. घाणा नव्हता, दगडी चाकांचे विजेवरचे यंत्र भाड्याने आणले. दुसरा थर दिवाळीनंतर, थंडीत. रेघेखालचा हा गिलावा कायमचा नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. विटेत उरलेले क्षार त्यात येतील, एक-दोन वर्षांत तो खराब होईल, मग पाडायचा आणि नवा करायचा. खर्चाचा तक्ता करताना माझ्या भावाने या ओळीशी बराच वेळ थांबून विचारले, “म्हणजे खराब व्हायला म्हणूनच करायचा?” गवंडी हो म्हणाला.

पुराच्या रेघेचा हातभर तुकडा आम्ही कोनाड्याखाली तसाच ठेवला आहे; खाली सिमेंट, वर चुना. त्याच्या आजूबाजूला या पावसाळ्यात पांढरी लव उगवली. गवंड्याला फोटो पाठवला, तर म्हणाला, चांगले आहे, बाहेर येऊ द्या, कोरड्या कुंच्याने झाडत चला, पाणी लावू नका. परसातले पिंप गंजून तळ गेले होते, नवे आणले आहे. वरच्या मजल्याला यंदा चुन्याचे दोन हात दिले. ओसरीची भिंत मात्र अजून करडीच आहे. तिला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे.